शून्य-शून्यचे मानकरी

क्रोएशियाची लोकसंख्या एकोणचाळीस लाखांच्या आसपास आहे. रायगड आणि रत्नागिरी हे दोन जिल्हे २०११च्या जनगणनेत मिळून बेचाळीस लाखांच्या वर जातात. म्हणजे रेवसच्या धक्क्यावरून निघून राजापूरपर्यंत जेवढी माणसं भेटतील, तेवढीही त्या देशात नाहीत. त्या देशाने १९९८च्या फुटबॉल विश्वचषकात तिसरा नंबर काढला, २०१८ला दुसरा, २०२२ला परत तिसरा. आपण टीव्हीवर पाहिलं, मान डोलावली आणि मधल्या मधे, २०१९च्या मे महिन्यात, त्यांच्याकडून एक माणूस मागवला.

माणसाचं नाव इगोर स्टिमॅक. धंदा बचाव. भारताचा प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा वय एक्कावन्न, गाठीशी क्रोएशियाकडून खेळलेले त्रेपन्न सामने आणि १९९८चं ते ब्राँझ पदक. त्याच २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ‘अलिबाग से आया है क्या’ या संवादावर बंदी मागणारी याचिका फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, असा साधारण सूर होता. आम्ही अलिबागकरांनी मनावर घेतलं नाही. मेट्कोविचहून आलेल्या या गृहस्थांनी मात्र पुढची पाच वर्षं प्रत्येक गोष्ट मनावर घेतली.

मेट्कोविच हे नेरेत्वा नदीच्या मुखाकडचं गाव. दलदलीतलं पाणी हटवून केलेली शेती आणि मँडरिन संत्र्यांच्या बागा. तिथला हा पोरगा हायदुक स्प्लिट या क्लबात वाढला. १९८७ला चिलीत युगोस्लाव्हियाच्या पोरांनी युवा विश्वचषक जिंकला, त्या संघात हा होता. सोबत पुढे क्रोएशियाकडून चमकलेले सुकर, बोबान, प्रोसिनेच्की. १९९१च्या मे महिन्यात बेलग्रेडला युगोस्लाव्ह कपची फायनल झाली. हायदुकने रेड स्टारला १-० हरवलं. स्टिमॅक आणि पलीकडचा सिनिशा मिहायलोविच एकमेकांना भिडले आणि दोघेही लाल कार्ड घेऊन बाहेर गेले. दोन महिन्यांच्या आत तो देशच फुटायला लागला. कप हायदुकने परत केला नाही. करणार कुणाला?

१९९५ला स्टिमॅक इंग्लंडात डर्बी काउंटीकडे आला. क्लब तेव्हा दुसऱ्या पातळीवर. पहिल्याच सामन्यात पठ्ठ्याने गोल केला. संघ ५-१ हरला. मग गोल करायचा नाद सोडून तो आपल्या कामाला लागला, तर पुढचे वीस लीग सामने डर्बी हरलीच नाही आणि मोसम संपताना प्रीमियर लीगमध्ये जाऊन बसली. नंतर वेस्ट हॅम, मग परत हायदुक. बचावपटूची कारकीर्द ही अशी दोन ओळींत उरकते. आघाडीवाल्याची असती तर गोलांची यादी देऊन पानभर जागा खाल्ली असती.

आणि १९९८ची ती सेमीफायनल. ८ जुलै, पॅरिसजवळ, समोर यजमान फ्रान्स. सुकरने क्रोएशियाला पुढे नेलं. त्यानंतर जे घडलं ते सगळं बचावपटूंनी घडवलं. फ्रान्सच्या लिलियन थुरामने दोन गोल केले. हा थुराम देशासाठी १४२ सामने खेळला आणि आयुष्यात त्याचे आंतरराष्ट्रीय गोल दोनच. दोन्ही त्या रात्रीचे. मग क्रोएशियाचा बचावपटू बिलिच आणि फ्रान्सचा बचावपटू लॉरां ब्लां यांची झटापट झाली, बिलिच चेहरा धरून कोसळला, ब्लां लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि स्वतःच्या देशातली फायनल त्याला बाहेर बसून पाहावी लागली. स्टिमॅक त्या सामन्यात बचावाच्या फळीत होता. त्याने काय केलं? कुणाला आठवत नाही. म्हणजे बहुधा त्याने काम बरं केलं असणार.

माझं म्हणणं एवढंच. बचावपटू लक्षात राहतो तो त्याचं काम सोडून दुसरं काही केल्यावर. गोल केला, तोंड उघडलं, मारामारी केली, कोर्टात जायची भाषा केली. थुरामचे बाकीचे १४१ सामने कुणी सांगत नाही, दोन गोल सांगतात. ज्या नव्वद मिनिटांत काहीच झालं नाही ती नव्वद मिनिटं त्याने घडवलेली असतात, पण त्याची पावती कुणी फाडत नाही.

आमच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात खारबंदिस्तीचा बांध वर्षभर उभा असतो. समुद्राचं पाणी भातखाचरात येऊ देत नाही, उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर सोडतो, आणि या कामाबद्दल त्याचा फोटो कधी पेपरात येत नाही. उधाणाच्या भरतीला एकदा खांड गेली, खारं पाणी शेतात शिरलं, की दुसऱ्या दिवशी आमदार, तलाठी आणि कॅमेरा तिघेही चिखलात. बांध त्या दिवशी पहिल्यांदा बातमीत येतो. फुटबॉलच्या मैदानावर याच प्रकाराला ‘डिफेन्समधली चूक’ म्हणतात आणि स्लो मोशनमध्ये सहा वेळा दाखवतात.

बरं, या किनाऱ्यावर बचावाची कदर नाही असंही नाही. कबड्डीच्या सामन्याला जाऊन बघा. देवळासमोरचं मैदान, हॅलोजनचा उजेड, लाल माती मारून मारून गुळगुळीत केलेली. चढाईवाला कोपऱ्याकडे वळला आणि डाव्या कोपऱ्याने घोटा धरला की माइकवरचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडतो, ‘या पकडीसाठी अमुक भाऊंकडून पाचशे एक रुपये!’ पकडीला गुण आहे. पकडीला रोख बक्षीस आहे. पकड घेणाऱ्याला गावात किंमत आहे, पुढच्या गावात आमंत्रण आहे. उद्या फुटबॉलमध्ये कुणी अंगावर फटका घेऊन गोल वाचवला तर त्याला काय? गुण नाही, पाचशे एक नाहीत, आणि मांडीवर उठलेला लाल गोल शिक्का आठवडाभर.

तर, आपल्या मराठी मुलखात असा एक बांध आहे. त्याचं नाव राहुल भेके.

‘कोण?’ म्हणालात ना? चालायचंच.

भेके मुंबईचा, जन्म १९९०चा. मुंबई एफसीकडून सुरुवात, मग ईस्ट बंगाल, मधे केरळ ब्लास्टर्स आणि एफसी पुणे सिटी, पुढे बेंगळुरू एफसी, तिथून मुंबई सिटी, परत बेंगळुरू. यातला मुंबई एफसी बंद पडला. एफसी पुणे सिटीही बंद पडला. भेके टिकला. भारतात बचावपटू खेळून संपत नाही, क्लब मात्र न खेळता संपतात.

हे नाव ज्यांना माहीत आहे त्यांना कशामुळे माहीत आहे बघा. १७ मार्च २०१९, मुंबईत अंधेरीला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल. बेंगळुरू विरुद्ध गोवा. एकशे सोळा मिनिटं गोल नाही. मग कॉर्नर आला, भेके उडाला, डोकं लावलं, चेंडू आत. ट्रॉफी बेंगळुरूची. एप्रिल २०२२, रियाध, आशियाई क्लबांची एएफसी चॅम्पियन्स लीग. मुंबई सिटी विरुद्ध इराकचा एअर फोर्स क्लब. १-१ असताना पुन्हा कॉर्नर, पुन्हा भेकेचं डोकं. या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब म्हणून मुंबई सिटीचं नाव लागलं. नोव्हेंबर २०२४, हैदराबाद, भारत विरुद्ध मलेशिया. आपल्या गोलरक्षकाने बाहेर धावत येऊन घोळ घातला, भारत एक गोल मागे. पुन्हा कॉर्नर आणि पुन्हा तेच डोकं, १-१. तीन कॉर्नर, तीन टाळ्या. मधली जी शेकडो नव्वद मिनिटं समोरच्या आघाडीवाल्याच्या कमरेला चिकटून काढली, ती हिशेबात नाहीत. २०२४ला मुंबई सिटीने मोहन बागानला कोलकात्यात ३-१ हरवून आयएसएल जिंकली तेव्हा कप्तान हाच होता. कप उचलतानाचा फोटो आला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चर्चा मात्र आयपीएलची.

आता गंमत अशी की या भेकेला भारताची जर्सी पहिल्यांदा घातली ती त्या क्रोएशियन बचावपटूने. ५ जून २०१९, थायलंडमधलं बुरीराम, किंग्ज कप. स्टिमॅकचा भारतासोबतचा पहिला सामना आणि भेकेचा भारताकडून पहिला सामना, एकच. समोर क्युरासाओ नावाचं कॅरिबियन बेट. लोकसंख्या दीड लाख. आमचा अलिबाग तालुका त्याहून मोठा आहे. भारत ३-१ हरला. सव्वाशे कोटींचा देश एका तालुक्याकडून हरला, अशी ओरड त्या वेळी झाली. या तालुक्याची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन महिन्यांनी, १० सप्टेंबर २०१९ला, दोहा. समोर आशियाचा तेव्हाचा चॅम्पियन कतार, त्याच्याच घरात. कप्तान सुनील छेत्री आजारी, बाहेर. भारताचा बचाव असा: उजवीकडे मुंबईचा राहुल भेके, मधे गोव्याचा आदिल खान आणि चंदीगडचा संदेश झिंगन, डावीकडे गोव्याचा मंदार राव देसाई. चारपैकी तीन आपल्या कोकणपट्टीचे! त्यांच्या मागे गुरप्रीत सिंग संधू. कतारने नव्वद मिनिटं फटक्यांवर फटके मारले. पायाला लागून गेले, छातीला लागून गेले, गुरप्रीतच्या बोटांना लागून गेले. सामना संपला, ०-०. विश्वचषकाच्या यजमानाला त्याच्या घरात आपण शून्यावर ठेवलं.

स्टिमॅकच्या पाच वर्षांतला सगळ्यात मोठा निकाल कोणता, असं विचारलं तर फुटबॉलवाले आजही हाच सांगतील. करंडक दुसरे आले. दक्षिण आशियाई देशांच्या दोन सॅफ स्पर्धा, एक तिरंगी मालिका, एक इंटरकॉन्टिनेंटल कप. पण आठवण या शून्याची. बचावपटू प्रशिक्षक, त्याचा सर्वोत्तम दिवस म्हणजे जिथे काहीच झालं नाही. मला विचाराल तर भारतीय फुटबॉलमध्ये तेवढा एक दिवस माणूस आणि काम यांचा मेळ बसला.

बाकी वेळ गृहस्थ स्वतःच बातमीत. जून २०२३, बेंगळुरू, सॅफ स्पर्धा, समोर पाकिस्तान. आपण पुढे होतो. पाकिस्तानचा खेळाडू रेषेवरून थ्रो-इन टाकायला निघाला आणि कडेला उभ्या असलेल्या स्टिमॅकनी त्याच्या हातातला चेंडू उडवला. लाल कार्ड. पंचावन्नाव्या वर्षी, मैदानाच्या बाहेर उभं राहून माणसाने आक्रमण मोडून काढलं. पुढच्या आठवड्यात कुवेतविरुद्ध आणखी एक लाल कार्ड. भारताने स्पर्धा जिंकली तेव्हा साहेब बंदी भोगत होते. बेलग्रेडपासून बेंगळुरूपर्यंत बत्तीस वर्षांत देश बदलला, पोट सुटलं, सवय तशीच.

आणि मग पंचांग निघालं.

सप्टेंबर २०२३मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने बातमी दिली की २०२२च्या जूनमध्ये, आशिया कपच्या पात्रता फेरीच्या वेळी, स्टिमॅक दिल्लीकडच्या एका ज्योतिषाला सामन्याआधी खेळाडूंची यादी पाठवत होते. जन्मवेळेसकट. कुणाला दिवस चांगला, कुणाला अतिआत्मविश्वास टाळावा लागेल, कुणाला आज नकोच, असे शेरे मारून यादी परत यायची. भारतीय फुटबॉल महासंघाच्या तेव्हाच्या सचिवांनीच दोघांची गाठ घालून दिली होती, आणि दोन महिन्यांच्या सेवेचे दहा लाखांच्या पुढचे आकडे छापून आले. देशभर हसू झालं. मी हसलो नाही. कारण ते तिन्ही सामने भारताने जिंकले होते: कंबोडिया २-०, अफगाणिस्तान २-१, हाँगकाँग ४-०. इतका यशस्वी मदतनीस भारतीय फुटबॉलला त्याआधी मिळाला असेल तर दाखवा. दीड वर्षाने कतारमध्ये प्रत्यक्ष आशिया कपात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया तिघांकडून हरलो, एकही गोल न करता. तेव्हा ज्योतिषी नव्हता. संबंध तुम्ही जोडा.

आमच्याकडे तर पंचांग बघितल्याशिवाय फुटबॉल होतच नाही. रेवदंडा घ्या, नागाव घ्या, मुरूड घ्या, श्रीवर्धन घ्या; मुलांचं मैदान म्हणजे ओहोटीची वाळू. आणि ओहोटी कधी, हे तिथी सांगते. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनला भरती. अष्टमीला सहाला. म्हणजे अष्टमीला संध्याकाळी सामना ठेवलात तर, पाणी भांगाचं, कमी चढणारं असलं तरी, निम्मं मैदान त्याच्या ताब्यात. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास; संध्याकाळी सहाला समुद्र इतका आत गेलेला असतो की दोन्ही बाजूंना गोल मांडून वर प्रेक्षकांना जागा उरते. वाळू ओली, घट्ट, पावलाखाली दाबली की कडेने क्षणभर पांढरी पडते. गोल म्हणजे दोन बाजूंना दोन-दोन चपला. चपलेवरून गेलेला चेंडू आत की बाहेर, यावर अर्धा वेळ भांडण. मधूनच पर्यटकांची चारचाकी वाळूबाईक मिडफिल्डमधून आरपार. ऑफसाइड कुणी पाळत नाही, कारण रेषा आखली तरी पाच मिनिटांत पुसली जाते. आणि बचावाला कोण? जो सगळ्यात जाड आहे तो, किंवा जो उशिरा आला तो. लवकर येऊन स्वखुशीने बॅकला उभा राहिलेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

स्टिमॅकना दिल्लीत बसवण्याऐवजी रेवदंड्याला ठेवलं असतं तर बोलणी तरी बसली नसती. यादीऐवजी तिथी विचारली असती, आणि फुकटात उत्तर मिळालं असतं.

शेवट मात्र भारतीय पद्धतीने झाला. ऑक्टोबर २०२३मध्ये महासंघाने त्यांना २०२६पर्यंत मुदतवाढ दिली. मार्च २०२४मध्ये स्टिमॅक म्हणाले, विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत संघाला नेलं नाही तर मी जातो. लगेच गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून २-१ हरले. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी ०-०. छेत्रीचा शेवटचा सामना म्हणून जाहीर झालेला, स्टेडियमात तुफान गर्दी, आणि हा शून्य काही दोह्याचा शून्य नव्हता. ११ जूनला दोह्यात कतारकडून २-१ हार. त्यात कतारचा पहिला गोल असा की चेंडू गोलरेषेच्या बाहेर जाऊन परत आत ओढलेला साऱ्या जगाला दिसला, पंच सोडून. तिसरी फेरी हुकली. स्टिमॅक गेले नाहीत. १७ जूनला घालवावं लागलं. मग त्यांनी सगळा करार वसूल करायची भाषा केली, महासंघाच्या अध्यक्षांबद्दल भलंबुरं बोलले, आणि अखेर चार लाख डॉलरवर, म्हणजे सव्वातीन कोटींच्या वर, मांडवली झाली. आले तेव्हा भारत क्रमवारीत १०१वा होता. गेल्यावर १२४वा. एका स्थानाच्या घसरणीचे किती पडले, ते ज्याला हौस आहे त्याने काढावं.

यात उत्तम बचाव कुणी केला म्हणाल तर महासंघाने. मुदतवाढ आपणच दिली, करारावर सही आपणच केली, आणि चेंडू असा काही बाहेर मारला की दोष सगळा परदेशी माणसाच्या पदरात. त्याच्यामागे स्पेनचा माणूस आला, वर्षात गेला. मग ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील. मुंबई एफसीत अनेक वर्षं प्रशिक्षक होते ते हेच. भेकेने उमेदवारी केली ती यांच्याच हाताखाली. घरचा माणूस. मिळाला, तेव्हा घरात पीठ नव्हतं. त्याच वर्षीच्या जुलैत आयएसएलचा नवा मोसम लांबणीवर टाकला गेला होता, कारण लीग चालवणारी कंपनी आणि महासंघ यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा कुणाला सुचत नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवले. भेके तेव्हा त्याच क्लबात.

पगार बंद, लीग बंद, आणि महिनाअखेरीला भारतीय संघाची ही मंडळी ताजिकिस्तानात मध्य आशियाई देशांचा काफा नेशन्स कप खेळायला. पहिल्या सामन्यात यजमानांना २-१ हरवलं. गोल कुणी केले? अन्वर अली आणि संदेश झिंगन. दोघेही बचावपटू. तिसऱ्या जागेसाठी ओमानशी १-१, मग पेनल्टी. भेकेने आपली मारली, आत. भारत तिसरा. जिथे पाठवावं तिथे जातात, जे सांगावं ते करतात, पगाराचं विचारत नाहीत. सरकारी योजनेतला बांध तरी याहून जास्त देखभाल मागतो.

आणि तो तालुका. १८ नोव्हेंबर २०२५. ढाक्यात भारत बांगलादेशकडून १-० हरला; बांगलादेशाने आपल्याला हरवलं ते २००३नंतर पहिल्यांदा. त्याच तारखेला किंग्स्टनमध्ये क्युरासाओ जमैकाविरुद्ध उतरलं. बरोबरी पुरेशी होती. जमैकाने दारं ठोठावली, खांबांवर चेंडू आपटले, क्युरासाओवाले हलले नाहीत. सामना ०-०, आणि विश्वचषकात पोहोचलेला आजवरचा सगळ्यात कमी लोकसंख्येचा देश म्हणून त्यांचं नाव लागलं. अलिबाग तालुक्याहून लहान बेट, एका शून्याच्या जोरावर.

मग आपल्याकडे काय कमी आहे? काहीच नाही. १५ सप्टेंबर २०१७ला ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ झालं. राज्यभर शाळाशाळांतून दहा लाख मुलांनी एका दिवसात फुटबॉल खेळायचं ठरलं, शाळांना चेंडू वाटले, मंत्र्यांनी लाथ मारून उद्घाटन केलं. १६ सप्टेंबरला काय खेळायचं, याचं परिपत्रक निघालं नाही. खारघरला सिडकोने फुटबॉलचं झकास केंद्र उभारलं, तेही रायगड जिल्ह्यातच. श्रीवर्धनच्या मुलाने सकाळची एस्टी पकडली तर सराव सुरू होण्याआधी नाही, पण संपायच्या आत नक्की पोहोचेल. आणि खेळाडूंचं तर आम्हाला वेडच. रवी शास्त्री, विराट कोहली, रोहित शर्मा, सगळ्यांनी अलिबागेत जागा घेतल्याचं आपण वाचत असतो. फुटबॉलच्या एखाद्या स्टॉपरबॅकने इथे दोन गुंठे घेतल्याचं ऐकलंत? त्याला पगार मिळाला की बघू.

दिवाळीनंतर किनाऱ्यावर स्पर्धांचे बॅनर लागतील. नव्वद टक्के टेनिस क्रिकेट, उरलेले कबड्डी. एखाद्या मंडळाने चुकूनमाकून फुटबॉल ठेवलाच, तर एक विनंती. बेस्ट स्कोअररला सायकल द्या, खुशाल द्या. पण कबड्डीचा तो माइकवाला बोलवा. चेंडू गोलात जाता जाता कुणी पाय घालून बाहेर काढला की जागच्या जागी पाचशे एक पुकारा. ज्या संघाने गोल खाल्ला नाही त्याच्या चार बॅकना स्टेजवर उभं करून नारळ द्या, नावं दोनदा घ्या. बॅनरवर देणगीदारांच्या चौदा फोटोंत एक भेकेचा बसवा. कोण म्हणून कुणी विचारलं तर मुंबईचा आहे एवढं सांगितलं तरी पुरे. आणि तारीख ठरवण्याआधी कोळीवाड्यातून विचारून या. अष्टमी नको.